चॅम्पियन हिलची जागा

मार्च २०१८ मध्ये आग्नेय लंडनमधल्या एका फुटबॉल क्लबला वकिलांचं पत्र आलं. क्लबचं नाव, नावाची आद्याक्षरं आणि प्रेक्षकांच्या तोंडी असलेलं टोपणनाव या तिन्हींची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झालेली आहे, ती नोंदणी क्लबच्या नावावर नाही, सबब क्लबने यापुढे ही नावं वापरू नयेत, असा पत्राचा मथितार्थ होता. क्लबचं मैदान ज्या बांधकाम व्यावसायिकांच्या ताब्यात होतं, त्यांच्याच एका संलग्न कंपनीने ही नोंदणी करून ठेवली होती. त्याच महिन्यात मैदान वापरायचा परवानाही रद्द झाला. स्थापनेला सव्वाशे वर्षं झालेल्या क्लबकडे जागा उरली नाही, आणि कागदोपत्री पाहिलं तर नावही उरलं नाही.

हा क्लब म्हणजे डलिच हॅम्लेट. हॅम्लेट म्हणजे इथे साधी वाडी. डेन्मार्कच्या राजपुत्राशी त्याचा संबंध नाही. क्लबचे रंग गुलाबी आणि गडद निळा, मैदान चॅम्पियन हिल, स्थापना १८९३. इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब असतात. आपल्याकडे रात्री जागून पाहिलं जाणारं फुटबॉल त्यातल्याही पहिल्या पायरीवरच्या २० क्लबांचं. डलिच हॅम्लेट सहाव्या-सातव्या पायरीवर खेळतो. खेळाडूंना पैसे मिळतात, पण त्यावर घर चालत नाही. दिवसभर नोकरी किंवा कामधंदा, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सराव, शनिवारी दुपारी सामना, आणि हंगामात अधूनमधून मंगळवारी रात्री आणखी एक. यालाच अर्धव्यावसायिक फुटबॉल म्हणतात.

अशा क्लबाचा इतिहास मराठीत कशाला, हा प्रश्न मला हे पुस्तक लिहिताना अनेकांनी विचारला आणि तो रास्त आहे. या क्लबाने कधी युरोप जिंकला नाही, त्याचे खेळाडू जाहिरातींत दिसत नाहीत, आणि त्याच्या मैदानावर ३ हजार माणसं मावली तरी पुष्कळ झालं. माझं उत्तर असं, की मोठ्या क्लबाचा इतिहास बहुधा त्याने जिंकलेल्या चषकांचा असतो. लहान क्लबाचा इतिहास वाचताना मात्र उपनगर कसं वसलं, तिथे कोण राहायला आलं, कोणाला परवडेनासं झालं आणि जमिनीचा भाव कसा चढला हे सगळं मैदानाच्या कडेला उभं राहून बघता येतं. गिरणीच्या जमिनीवर मॉल उभे राहताना ज्यांनी पाहिले त्यांना हा विषय परका वाटू नये.

तर आधी जागेबद्दल.

डलिच हा टेम्स नदीच्या दक्षिणेचा, एके काळी लंडनबाहेरचा, झाडीचा प्रदेश. शेक्सपिअरच्या काळातला नावाजलेला नट आणि नाट्यगृहांचा मालक एडवर्ड अ‍ॅलन याने इथे मोठी जमीन खरेदी केली आणि १६१९ मध्ये एक शिक्षणसंस्था स्थापन केली. तीच आजची डलिच कॉलेज ही श्रीमंतांची शाळा. दक्षिणेकडचा भाग त्यामुळे आजही ऐसपैस आणि हिरवा राहिला आहे. उत्तर-पूर्वेची कथा वेगळी. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि तिच्यामागोमाग कारकून, दुकानांतले नोकर, छपाईकामगार अशा लोकांसाठी एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आजचं ईस्ट डलिच स्टेशन १८६८ मध्ये उघडलं तेव्हा त्याचं नाव चॅम्पियन हिल होतं. १८८८ मध्ये ते बदललं. स्टेशनाने टाकून दिलेलं नाव पुढे फुटबॉलच्या मैदानाने जगभर नेलं. रेल्वेने कचेरीत जाणारा, शनिवारी दुपारी मोकळा झालेला आणि संध्याकाळपर्यंत काय करायचं हे न सुचलेला तरुण, हा उपनगरी फुटबॉलचा मूळ पुरुष. शनिवारची अर्धी सुट्टी नसती तर इंग्लंडमधलं प्रेक्षकांचं फुटबॉल इतकं वाढलं नसतं, हे कारखान्यांच्या शहरांइतकंच या उपनगरांनाही लागू आहे.

क्लब काढला लॉरेन विल्सन यांनी. डलिच हॅम्लेट नावाच्या प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना खेळायला संघ हवा होता. विल्सन यांनी तो उभा केला आणि पुढे जन्मभर सांभाळला. मुलं त्यांना 'पा' म्हणत, म्हणजे बाबाच. क्लबच्या इतिहासात त्यांचं पूर्ण नाव क्वचितच येतं, 'पा विल्सन' हेच येतं. खेळाडू म्हणून त्यांची आठवण कोणी काढत नाही. पोरांना गोळा करणं, शिस्त लावणं, वर्गणी जमवणं, मैदान मिळवणं ही कामं करणारा एक माणूस प्रत्येक जुन्या क्लबाच्या मुळाशी असतो. आपल्याकडच्या व्यायामशाळा आणि कबड्डी मंडळं अशाच माणसांवर उभी राहिली. पा विल्सन यांचं वेगळेपण एवढंच की त्यांनी पहिल्या संघाइतकंच लक्ष कुमार संघांकडे दिलं. क्लबचा सर्वांत मोठा खेळाडू याच कुमार संघातून वर आला.

त्याच्याकडे जाण्यापूर्वी हौशी फुटबॉलबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं, कारण आज ही कल्पनाच मोडीत निघाली आहे. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्ये खेळाडूंना पैसे द्यायला परवानगी दिली. उत्तरेच्या कापडगिरण्यांच्या शहरांत ती प्रथा चोरून आधीपासूनच चालू होती. दक्षिणेकडच्या सभ्य मंडळींना मात्र पैसे घेऊन खेळणं कमीपणाचं वाटे. १८९३-९४च्या हंगामात, म्हणजे नेमका डलिच हॅम्लेटच्या जन्माच्या सुमारास, हौशी संघांसाठी वेगळी एफए अमॅच्युअर कप स्पर्धा सुरू झाली. १९०५ मध्ये लंडन परिसरातल्या हौशी क्लबांनी इस्थमियन लीग काढली आणि १९०७ मध्ये डलिच हॅम्लेट तिच्यात दाखल झाला. या लीगचं लॅटिन ब्रीद होतं 'सन्मान पुरेसा आहे', आणि सुरुवातीच्या काळात ते अक्षरशः पाळलं जाई: विजेत्याला ना चषक ना पदकं.

हे ऐकायला उदात्त वाटतं, आणि मला त्याचा थोडा संशयही येतो. शनिवारचा पगार बुडाला तरी चालेल अशाच माणसाला पैशाशिवाय खेळणं परवडतं. कोळशाच्या खाणीतल्या मजुराला सन्मान पुरेसा नव्हता, त्याला दिवसभराची मजुरी हवी होती. शिवाय हौशी म्हणवणाऱ्या क्लबांतही प्रवासखर्चाच्या नावाखाली बुटात नोटा सारल्या जात, हे सर्वांना ठाऊक होतं. पण याला दुसरीही बाजू आहे. व्यावसायिक खेळाडूंच्या पगारावर इंग्लंडमध्ये कमाल मर्यादा होती. १९२०च्या दशकात ती हंगामात आठवड्याला ८ पौंड आणि उन्हाळ्यात ६ पौंड इतकी होती, आणि तीही सगळ्यांना मिळत नसे. चांगली नोकरी असलेल्या खेळाडूने हौशी राहायचं ठरवलं तर त्याचं आर्थिक नुकसान फार होत नसे. ही पगारमर्यादा १९६१ मध्ये उठली. तोवर उपनगरातल्या हौशी क्लबाकडे उत्तम खेळाडू टिकून राहत, त्यामागे निष्ठा होती तसं हे साधं गणितही होतं.

एडगर केल हा त्या गणिताचा आणि निष्ठेचाही नमुना. १९०० साली जन्मलेला हा मुलगा पोरवयातच डलिच हॅम्लेटच्या कुमार संघात आला आणि पहिल्या महायुद्धानंतर पहिल्या संघात खेळू लागला. पोटापाण्यासाठी तो दारूच्या व्यापारात फिरता विक्रेता होता. व्यावसायिक क्लबांनी मागणी घालूनही तो हलला नाही. क्लबसाठी त्याने ४००हून अधिक गोल केले आणि १९३३ मध्ये खेळ थांबवला. मे १९२९ मध्ये इंग्लंडचा राष्ट्रीय संघ युरोपच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा या उपनगरी हौशी क्लबातून केलची निवड झाली. पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने २ गोल केले, मग ब्रुसेल्स, मग माद्रिद. माद्रिदचा सामना इंग्लंडने ३-४ असा गमावला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एखाद्या देशाकडून इंग्लंडचा झालेला हा पहिला पराभव. फुटबॉल आपण शोधला आणि तो आपल्यालाच येतो, या समजुतीला पहिला तडा गेला तेव्हा दारूविक्री करणारा हा हौशी खेळाडू मैदानावर होता. त्यानंतर तो इंग्लंडकडून पुन्हा खेळला नाही. आज मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे, आणि त्याला खेळताना पाहिलेलं कोणीही हयात नसताना प्रेक्षक त्याच्या नावाने गाणी म्हणतात. यात थोडा भाबडेपणा आहे, पण आपण तरी ज्यांना पाहिलं नाही अशा किती गायकांबद्दल छातीठोकपणे बोलतो!

केलच्या काळात आणि त्याच्या मागोमाग क्लबने जे कमावलं ते पुन्हा कमावता आलं नाही. अमॅच्युअर कप १९२०, १९३२, १९३४ आणि १९३७ असा चारदा. इस्थमियन लीग १९२०, १९२६, १९३३ आणि मग महायुद्धानंतर १९४९ मध्ये. १९३१ मध्ये चॅम्पियन हिलवर नवं स्टेडियम बांधलं गेलं, देशातल्या हौशी क्लबांच्या मैदानांत ते सर्वांत मोठ्यांपैकी एक. १९३३च्या अमॅच्युअर कपचा अंतिम सामना किंग्स्टोनियन आणि स्टॉक्टन या दोन पाहुण्या संघांत इथे झाला, त्याला २० हजारांवर प्रेक्षक होते. हौशी फुटबॉलची लोकप्रियता आज अविश्वसनीय वाटते. १९५१ मध्ये अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्याला वेम्ब्लीवर १ लाख माणसं होती.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सामने अशाच उपनगरी मैदानांवर वाटून दिले होते. युद्धाने खंगलेल्या शहराकडे नवी स्टेडियमं बांधायला पैसा नव्हता. खाण्यापिण्यावर रेशन होतं. चॅम्पियन हिलवर २ ऑगस्टला दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ असं हरवलं. कोरियाचा हा पहिला ऑलिंपिक फुटबॉल सामना. सोलमधल्या फुटबॉलवेड्यांना ठाऊक असलेलं हे नाव लंडनमधल्या कित्येकांना ठाऊक नसेल. त्याच्या दोन दिवस आधी, ३१ जुलैला, लंडनच्या ईशान्येला इलफर्डमध्ये क्रिकलफील्ड या तशाच दुसऱ्या हौशी मैदानावर स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. कर्णधार नागा टेकड्यांतले, पुढे डॉक्टर झालेले टी. आओ, बहुतेक खेळाडू अनवाणी. सारंगपाणी रामन यांनी गोल करून बरोबरी साधली, दोन पेनल्टी मात्र वाया गेल्या आणि भारत १-२ असा हरला. आपल्याकडे या सामन्याची आठवण निघते ती अनवाण्या पायांसाठी. तो कुठे झाला हे सहसा सांगितलं जात नाही. मोठ्या स्टेडियमच्या झगमगाटात नव्हे, तर एका उपनगराच्या स्टेशनाजवळच्या, आजूबाजूला घरं असलेल्या मैदानावर, आणि तिथल्या इंग्लिश प्रेक्षकांनी या अनवाण्या मुलांचं मनापासून कौतुक केलं. उपनगरी फुटबॉलशी आपली पहिली ओळख ही अशी आहे.

त्यानंतरची चाळीस वर्षं मी झपाट्याने उरकणार आहे, कारण ती सगळ्याच हौशी क्लबांची सारखीच आहेत. घरात टीव्ही आला. मोटारी आल्या आणि माणसं शनिवारी दुसरीकडे जाऊ लागली. पगारमर्यादा उठल्यावर मोठे क्लब चांगल्या खेळाडूंना पूर्ण वेळ बोलावू लागले. १९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला. सगळे नुसतेच 'खेळाडू' झाले आणि अमॅच्युअर कप बंद पडला. बुटातल्या नोटा आता उघड पाकिटात आल्या. डलिच हॅम्लेटला १९७७-७८चा हंगाम खालच्या विभागात काढावा लागला. तो जिंकून संघ वर आला, पण २० हजारांचं स्टेडियम आणि शे-दोनशे प्रेक्षक हे चित्र बदललं नाही.

मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण मेले आणि देशभरच्या जुन्या स्टँडची तपासणी सुरू झाली. चॅम्पियन हिलचं स्टेडियम नव्या नियमांत बसवायला लागणारा पैसा क्लबकडे कुठून येणार? जमीन मात्र होती, आणि सुपरमार्केटच्या साखळ्या उपनगरांत जागा शोधत होत्या. १९९१ मध्ये स्टेडियम पाडलं. त्या जमिनीच्या मोठ्या भागावर सेन्सबरीजचं दुकान आणि वाहनतळ आलं, आणि उरलेल्या भागात ३ हजारांचं आटोपशीर नवं मैदान १९९२ मध्ये तयार झालं. मधला काळ संघ मिचममध्ये टूटिंग अँड मिचम युनायटेड या प्रतिस्पर्धी क्लबाच्या मैदानावर खेळला. त्या वेळी कोणी मोर्चे काढले नाहीत. क्लब वाचला याचंच लोकांना समाधान होतं, आणि जमीन विकून क्लब वाचवणं हा व्यवहार शहाणपणाचा वाटला होता. मी त्या व्यवहाराला नावं ठेवणार नाही. पण ज्या क्लबाने एकदा जमीन विकून स्वतःला वाचवलं, त्याच्या उरलेल्या जमिनीकडे पुढचा गिऱ्हाईक कोणत्या नजरेने बघतो, हे पुढच्या प्रकरणांत दिसेल.

इथे मुंबईकडे एक नजर टाकतो. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला, म्हणजे डलिच हॅम्लेटच्या आधी दोन वर्षं. तिथल्या फुटबॉलमध्येही हौशी-व्यावसायिकाचा घोळ होता, पण त्यावर आपला उपाय वेगळा होता: नोकरी. बँका, रेल्वे, टाटा, मफतलाल, आरसीएफ, एअर इंडिया यांचे संघ असत. खेळाडू कागदावर कारकून, प्रत्यक्षात फॉरवर्ड. म्हातारपणी पेन्शन मिळे, हा त्या व्यवस्थेचा मोठाच गुण. पण संघ कंपनीचा असला की कंपनीच्या मनाप्रमाणे चालतो आणि तिच्या मनाप्रमाणे बंदही होतो. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ गुंडाळला. गोव्यात फुटबॉल गावागावांत, चर्चच्या आवारात रुजलेलं. तरी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिथले नामवंत क्लब २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. मुंबईच्या किती जणांनी महिंद्रसाठी फलक धरले? दोष प्रेक्षकांचा नव्हता. तो संघ आपला आहे असं वाटावं यासाठी लागणारी जागा, वस्ती आणि दर शनिवारची सवय तिथे कधी तयारच झाली नाही.

डलिचमध्ये ती सवय क्षीण होऊन पुन्हा वाढली, आणि ती कशी वाढली हा या पुस्तकाचा मध्यवर्ती भाग आहे. २००९ मध्ये गॅविन रोझ प्रशिक्षक म्हणून आले. दक्षिण लंडनच्या वस्त्यांतली, मोठ्या क्लबांनी नाकारलेली मुलं हेरून त्यांना शिक्षण आणि फुटबॉल एकत्र देणारी अकादमी त्यांनी चालवली. संघ वेगवान, देखणं फुटबॉल खेळू लागला. एरहुन ओझ्तुमेर हा लहानखुरा खेळाडू इथूनच २०१४ मध्ये पीटरबरो या व्यावसायिक क्लबात गेला. २०१३ मध्ये संघाने खालचा विभाग जिंकून इस्थमियन प्रीमियरमध्ये पाऊल ठेवलं, आणि प्रेक्षक काही शेकड्यांवरून हजारांवर, मग दोन हजारांवर, कधी मैदान भरेपर्यंत वाढले.

हे प्रेक्षक कोण होते? ईस्ट डलिच आणि शेजारच्या पेकममध्ये घर घेतलेले किंवा भाड्याने राहिलेले तिशीतले लोक: पत्रकार, चित्रकार, शिक्षक, संगणकवाले. प्रीमियर लीगच्या एका तिकिटाला जिथे पन्नास-साठ पौंड मोजावे लागत, तिथे इथे दहा-बारा पौंडांत काम होई. वरच्या पाच पायऱ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला १९८५च्या कायद्याने बंदी आहे. इथे हातात बिअर घेऊन कठड्याला टेकून उभं राहता येई. पूर्वार्धात एका गोलामागे आणि उत्तरार्धात दुसऱ्या गोलामागे, म्हणजे आपला संघ जिकडे हल्ला करतो तिकडे, सगळा घोळका चालत जाई. लोक स्वतःला 'रॅबल' म्हणवत, म्हणजे गर्दीतलं गबाळं. फलकांवर वर्णद्वेष आणि समलिंगीद्वेषाविरुद्ध घोषणा असत. फेब्रुवारी २०१५ मध्ये समलिंगी खेळाडूंच्या स्टोनवॉल या क्लबाबरोबर इथे मैत्रीपूर्ण सामना झाला. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा, यांच्यासारखाच १८९३ साली स्थापन झालेला अल्टोना ९३ हा त्यांचा मित्रक्लब. दोन्हींकडचे समर्थक एकमेकांकडे जाऊन राहतात.

वर्तमानपत्रांनी या दाढीवाल्या प्रेक्षकांची भरपूर टिंगल केली. मला टिंगलीपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लंडनच्या मध्यभागातून हुसकले गेलेले हे सुशिक्षित मध्यमवर्गीय लोक डलिचमध्ये आले म्हणून घरांचे भाव चढले. ते मैदानावर आले म्हणून क्लब जिवंत झाला. आणि घरांचे भाव चढले म्हणूनच मैदानाखालच्या जमिनीत कोट्यवधींचा व्यवहार दिसू लागला. क्लबला वाचवणारी गर्दी आणि क्लबला उठवायला निघालेला पैसा एकाच गाडीने ईस्ट डलिचला उतरले. या पुस्तकात खलनायक शोधणाऱ्या वाचकाला एखाद-दुसरा सापडेल. पण ही गाडी कोणी एकट्याने आणलेली नव्हती, हे लक्षात ठेवूनच ती प्रकरणं वाचावीत.

२०१४ मध्ये मैदान बांधकाम व्यावसायिकांनी विकत घेतलं. योजना अशी: सध्याच्या मैदानावर दीडशेहून अधिक घरं, आणि क्लबला शेजारच्या ग्रीन डेल या मोकळ्या जागेवर नवं मैदान. ग्रीन डेल ही महानगराने मोकळी ठेवायची म्हणून राखलेली जमीन. तिथे फिरायला जाणारे, पक्षी पाहणारे, कुत्री फिरवणारे रहिवासी विरोधात उभे राहिले, म्हणजे या लढाईत एक उपनगर दुसऱ्या उपनगराशीही भांडत होतं. स्थानिक साउथवर्क कौन्सिलशी मालकांचा वाद चिघळला आणि २०१७ अखेरीस मालक-क्लब संबंध तुटले. मार्च २०१८ मध्ये क्लब बाहेर पडला. मैदानाभोवती पत्रे-फळ्या लागल्या. गुलाबी-निळ्या कपड्यांतल्या शेकडो लोकांनी मोर्चा काढला, स्थानिक खासदार हेलन हेज यांनी संसदेत विषय मांडला, लंडनचे महापौर सादिक खान क्लबच्या बाजूने बोलले. व्यापारचिन्हाची नोंदणी, एवढा बोभाटा झाल्यावर, मागे घेणं भाग पडलं.

संघ कुठे खेळणार? पुन्हा टूटिंग अँड मिचमकडे. सत्तावीस वर्षांत त्या क्लबाने दुसऱ्यांदा आपलं मैदान दिलं. याआधीच्या दोन्ही हंगामांत डलिच बढतीच्या अंतिम सामन्यात हरला होता. मे २०१८ मध्ये तिसऱ्यांदा, परक्या मैदानावर, हेंडनविरुद्ध तो सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये डलिच जिंकला. सव्वाशे वर्षांतली ही सर्वांत वरची पायरी, आणि ती गाठली तेव्हा क्लब बेघर होता. खेळाडूंच्या पगाराचा काही भाग समर्थकांच्या वर्गणीतून उभा राहत होता.

डिसेंबर २०१८ मध्ये संघ चॅम्पियन हिलवर परतला. नोव्हेंबर २०१९ मध्ये एफए कपच्या पहिल्या मुख्य फेरीत व्यावसायिक कार्लाइल युनायटेड इथे खेळायला आला आणि ४-१ असा जिंकून गेला. २०२० मध्ये कौन्सिलने दोनशेहून अधिक घरं आणि ग्रीन डेलवर नवं मैदान अशा योजनेला मंजुरी दिली. म्हणजे मूळ कल्पना जवळपास तीच, पण या वेळी क्लब तिच्या बाजूने. ज्यांनी २०१८ मध्ये मोर्चा काढला त्यांतल्या काहींना यात विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. त्यांचं भांडण घरं बांधण्याशी नव्हतं, आपल्याला न विचारता बांधण्याशी होतं. २०२२ मध्ये रोझ यांची कारकीर्द संपली आणि २०२३ मध्ये संघ पुन्हा एक पायरी खाली, इस्थमियन लीगमध्ये आला. प्रेक्षक मात्र त्यानंतरही येत राहिले.

एका गोष्टीकडे या क्लबाच्या जुन्या इतिहासकारांचं दुर्लक्ष झालं. डिसेंबर १९२१ मध्ये फुटबॉल असोसिएशनने आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. केलच्या गोलांची, २० हजारांच्या गर्दीची बहुतेक सोनेरी वर्षं या बंदीच्या आतली आहेत. डलिच हॅम्लेटचा महिला संघ २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्यावर मी एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, आणि ते शेवटी न टाकता मधोमध टाकलं आहे.

सामन्यांची जंत्री शेवटी दिली आहे. फुटबॉलचा खरा वाचक आधी जंत्रीच उघडतो हे मला माहीत आहे, तेव्हा त्याने खुशाल तिथून सुरुवात करावी. १९३२च्या अमॅच्युअर कपचा अंतिम सामना मात्र चुकवू नये: प्रतिस्पर्धी लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचा मरीन, मैदान अप्टन पार्क, निकाल ७-१.